लोखंडी कैचीचा पूल : रचना, इतिहास आणि रामटेक परिसराचा संबंध

प्रस्तावना

रामटेकच्या इतिहासाचे नाव निघाले की अभ्यासकाची दृष्टी स्वाभाविकपणे गडाकडे वळते. वाकाटकांची सत्ता, केवल नरसिंह मंदिरातील शिलालेख, रामगिरी आणि मेघदूत यांविषयी महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केलेली चर्चा, मनसरच्या टेकडीवरील उत्खनन, नागपूरकर भोसल्यांच्या काळातील मंदिर-तटबंदी या विषयांवर विपुल लेखन झाले आहे आणि ते योग्यच आहे. तथापि नागपूरहून रेल्वेने रामटेकला येणारा प्रत्येक प्रवासी कामठी व कन्हान या स्थानकांच्या दरम्यान कन्हान नदी ओलांडतो, आणि ज्या वास्तूवरून तो नदी ओलांडतो तिच्याकडे ऐतिहासिक साधन म्हणून पाहण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही. ताम्रपट हे साधन आहे, शिलालेख हे साधन आहे, नाणे हे साधन आहे. पूल मात्र केवळ 'सोय' आहे, असा एक अलिखित संकेत आपल्या स्थानिक इतिहासलेखनात रुजलेला दिसतो.

प्रस्तुत निबंधात ग्रामीण भागातील जुन्या लोखंडी पुलांचा, विशेषतः ट्रस प्रकारच्या पुलांचा, विचार करावयाचा आहे. ट्रस म्हणजे आपल्या सुतारांच्या भाषेतील कैची. कौलारू घराच्या छपराखाली त्रिकोणात जोडलेल्या लाकडांची जी कैची असते, तिचेच तत्त्व नदीवर आडवे टाकले की कैचीचा पूल तयार होतो. ही रचना कशी काम करते, ती महाराष्ट्रात केव्हा व का आली, रामटेक परिसराचा तिच्याशी कोणता संबंध आहे आणि आज या वास्तूंविषयी इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य काय, या चार प्रश्नांची उत्तरे येथे शोधली आहेत. शेवटचा प्रश्न केवळ वारसाप्रेमाचा नसून माणसांच्या जिवाचा आहे, हे पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

१. कैचीचे तत्त्व

चार दांड्यांची चौकट करून तिचे कोपरे एकेका खिळ्याने जोडले आणि एका बाजूने ढकलले, तर चौकट तिरकी होते. तीन दांड्यांचा त्रिकोण मात्र दांडा मोडल्याशिवाय किंवा सांधा तुटल्याशिवाय आपला आकार सोडत नाही. कैचीच्या पुलाचे सारे शास्त्र या साध्या सत्यावर उभे आहे.

लाकडाची किंवा लोखंडाची भरीव तुळई दोन टेकूंवर ठेवून तिच्यावर भार टाकला की ती किंचित वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा भाग ताणला जातो आणि मधल्या भागातील बरेचसे द्रव्य जवळजवळ निष्क्रिय राहते. हे निष्क्रिय द्रव्य काढून टाकले आणि वरचा व खालचा पट्टा तिरकस दांड्यांनी एकमेकांना जोडला, तर कमी धातूत अधिक अंतर ओलांडता येते. वरच्या पट्ट्यात दाब, खालच्या पट्ट्यात ताण आणि तिरकस दांड्यांत कोठे दाब तर कोठे ताण, अशी कामाची विभागणी होते. दोन पट्ट्यांमधील उंची दुप्पट केली तर तेवढ्याच भाराखाली त्या पट्ट्यांवर येणारे बल निम्मे होते. म्हणूनच लांब गाळ्याचे कैचीपूल उंच दिसतात. ती उंची शोभेची नसून हिशेबाची असते.

दाब आणि ताण यांतील फरक डोळ्यांनाही दिसू शकतो. ताण सोसणारा दांडा सपाट पट्टीसारखा बारीक असला तरी चालतो. दोरी ताणली असता सरळच राहते. दाब सोसणारा दांडा मात्र बारीक असेल तर मध्येच वाकून निकामी होतो, त्यामुळे तो जाड, पेटीसारखा किंवा जाळीच्या पट्ट्यांनी बांधून रुंद केलेला असतो. जुन्या पुलाकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहिले तर कोणता दांडा कोणते काम करतो हे गणिताशिवायही बरेचसे ओळखता येते.

वाहतुकीच्या जागेवरून कैचीपुलाचे तीन प्रकार पडतात. गाडी कैचीच्या माथ्यावरून जात असेल तर तो माथ्यावरचा पूल. दोन्ही बाजूंच्या कैच्यांच्या मधून आणि वरच्या आडव्या बांधणीखालून जात असेल तर तो आरपार पूल. आणि बाजूच्या कैच्या ठेंगण्या असून वर आडवी बांधणी नसेल तर तो अर्धा आरपार पूल. नदीच्या पुराची पातळी उंच असेल तेथे पुलाखाली मोकळी जागा अधिक राहावी म्हणून आरपार पूल सोयीचा ठरतो. खोल दरीत हे बंधन नसते, म्हणून तेथे माथ्यावरचा पूल उभारता येतो.

या रचनेचे आणखी एक महत्त्वाचे अंग म्हणजे तिची टेकणी, अर्थात बेअरिंग. उन्हाने धातू प्रसरण पावतो. १५० फूट, म्हणजे सुमारे ४६ मीटर लांबीच्या पोलादी गाळ्याच्या तापमानात ४० अंश सेल्सिअसचा फरक पडला तर त्याची लांबी सुमारे २ सेंटिमीटरने बदलते. विदर्भातील उन्हाळा आणि हिवाळा लक्षात घेता हा फरक काल्पनिक नाही. म्हणून गाळ्याचे एक टोक खांबावर पक्के बसवतात आणि दुसरे टोक रोलरवर किंवा सरकत्या पट्टीवर मोकळे ठेवतात. ही हालचाल गंजाने किंवा मातीने अडली तर ते बल दगडी खांबाच्या माथ्यावर येते आणि चिरे फुटू लागतात. पुलाचा आजार अशा रीतीने अनेकदा लोखंडात सुरू होऊन दगडात दिसतो.

२. लाकडाकडून लोखंडाकडे

लाकडी कैचीचे पूल युरोपात जुने आहेत. इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओ याने १५७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांच्या आकृत्या दिल्या होत्या. लोखंडाचा पहिला मोठा पूल इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे १७७९ मध्ये उभा राहिला. पण तो ओतीव लोखंडाचा कमानी पूल होता. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, ताणाखाली मात्र अचानक तुटते. रेल्वे आल्यावर हा दोष जीवघेणा ठरला. २४ मे १८४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टरजवळ डी नदीवरील ओतीव लोखंडाच्या तुळया गाडीखाली तुटल्या आणि ५ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ताण घेणाऱ्या भागांसाठी घडीव लोखंडाचा आग्रह वाढला.

याच सुमारास कैचीच्या रचनेला गणिताचा आधार मिळत होता. अमेरिकेत विल्यम हाऊ याने १८४० मध्ये आणि प्रॅट पिता-पुत्रांनी १८४४ मध्ये आपापल्या रचनांचे एकाधिकार घेतले. स्क्वायर व्हिपल याने १८४७ मध्ये प्रत्येक दांड्यावर येणारे बल मोजण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. इंग्लंडमध्ये जेम्स वॉरन आणि विलोबी मोन्झानी यांनी १८४८ मध्ये समभुज त्रिकोणांच्या मालिकेचा एकाधिकार मिळवला. ही 'वॉरन कैची' होय. तिच्यात उभे दांडे नसतात. एकमेकांना टेकलेल्या त्रिकोणांची नागमोडी रांग तेवढी असते. एकाच मापाचे दांडे, एकाच प्रकारचे सांधे आणि कमी वजन हे तिचे गुण होते. इंग्लंडमध्ये न्यूअर्क येथे आणि वेल्समध्ये क्रमलिन येथे १८५० च्या दशकात तिचे भव्य प्रयोग झाले. क्रमलिनच्या दरीवरील गाळे १५० फुटांचे होते.

या इतिहासाची तारीख महत्त्वाची आहे. मुंबई ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. म्हणजे वॉरन कैची इंग्लंडमध्येच नवी होती, तेव्हा महाराष्ट्रात रेल्वे सुरू झाली. आपल्याकडे आलेले तंत्र युरोपने टाकून दिलेले जुने तंत्र नव्हते. ते त्या क्षणीचे अगदी ताजे, किंबहुना पुरेसे न तपासलेले तंत्र होते.

३. महाराष्ट्रातील दोन प्रयोग : वसई आणि एहेगाव

महाराष्ट्रात वॉरन कैची दोन वेगळ्या कंपन्यांनी, दोन वेगळ्या कारणांसाठी आणली. ही तुलना उद्बोधक आहे.

पहिला प्रयोग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा. या कंपनीला किनाऱ्यालगत खाड्या आणि नदीमुखे ओलांडावयाची होती. तळाशी चिखल आणि गाळ, भरती-ओहोटीचे पाणी, जवळपास पक्क्या पायाचा अभाव. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जे. पी. केनेडी यांनी यावर एकच साचा ठरवला : ओतीव लोखंडाचे पोकळ खांब मळसूत्राप्रमाणे तळात फिरवून उतरवायचे आणि त्यांवर ६० फुटांच्या घडीव लोखंडी वॉरन कैच्या ठेवायच्या. नदी लहान असो वा मोठी, गाळा ६० फुटांचाच. फक्त गाळ्यांची संख्या बदलायची. इंग्लंडमधील कारखान्यात सारखे भाग तयार करावयाचे, त्यांवर क्रमांक घालावयाचे, जहाजाने आणावयाचे आणि येथे जुळवावयाचे. वसईच्या खाडीवरील पूल या साच्यातून झाला आणि १८६४ मध्ये मुंबई सुरतेशी जोडली गेली.

या साच्याचा गुण आणि दोष एकच होता. प्रमाणीकरणाने खर्च व वेळ वाचला. पण नदीचा स्वभाव साच्यात बसत नाही. भडोचजवळ नर्मदेवर याच पद्धतीने बांधलेल्या पुलाला १८६० आणि १८७० च्या दशकांतील पुरांनी पुन्हा पुन्हा हानी पोहोचवली आणि अखेर १८८१ मध्ये तेथे मोठ्या गाळ्यांचा नवा लोखंडी पूल उभारावा लागला. खांब दाटीने असले की पुराचे पाणी आणि वाहून आलेली झाडे अडतात, खांबांभोवतीची माती खरवडली जाते, आणि कैची निर्दोष असूनही पूल जातो. हा धडा आजही तितकाच लागू आहे.

दुसरा प्रयोग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याच्या नेतृत्वाखाली या कंपनीने बहुतेक ठिकाणी दगडी कमानींना पसंती दिली होती; सह्याद्रीत दगड मुबलक होता आणि पाथरवटही होते. परंतु थळ घाटात, इगतपुरीच्या अलीकडे, एहेगावच्या दरीने दगडाची मर्यादा दाखवून दिली. दरीची खोली सुमारे १८२ फूट. इतक्या उंचीवर कमानी बांधावयाच्या तर खांबांची संख्या वाढते आणि प्रत्येक कमानीखाली लाकडी आधार उभारावा लागतो. म्हणून मधल्या भागात १५० फुटांचे ३ गाळे त्रिकोणी लोखंडी कैच्यांचे आणि दोन्ही कडांना ४० फुटांच्या ४ दगडी कमानी, अशी मिश्र रचना करण्यात आली. तीन लांब गाळ्यांमुळे दरीच्या ऐन खोल भागात खांबांची संख्या कमीत कमी राहिली. थळ घाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी वाहतुकीस खुला झाला. मुंबईहून नागपूरकडे येणारा लोहमार्ग याच घाटातून वर चढतो, म्हणून एहेगावचा पूल हा विदर्भाच्याही इतिहासाचा भाग आहे.

दगड म्हणजे टिकाऊ आणि लोखंड म्हणजे तकलादू, ही समजूत मात्र त्याच काळाने खोटी ठरवली. जुलै १८६७ मध्ये बोर घाटातील 'माहू की माली' येथील दगडी पूल कोसळला. तेथे द्रव्याचा दोष नव्हता, बांधकामाच्या दर्जाचा होता. द्रव्य कोणतेही असो, देखरेख ढिली असेल तर वास्तू उभी राहत नाही.

या पुलांचा आर्थिक संदर्भही विसरता येत नाही. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती आणि त्या हमीचा भार येथील महसुलावर पडत होता. लोखंड ब्रिटनमधून येत होते. कैची जुळवणारे, रिव्हेट ठोकणारे, खांबाचे चिरे घडवणारे हात मात्र येथील होते. अभियंत्यांची नावे ग्रंथांत राहिली. कामगारांची नावे पुलाबरोबर नदीकाठीच राहिली.

४. नागपूर, कन्हान आणि भाराचे गणित

१८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. त्यानंतर पूर्वेकडील छत्तीसगडचे धान्य नागपूरच्या बाजारात आणण्यासाठी नागपूर-छत्तीसगड रेल्वे हा मीटरगेज मार्ग सरकारने हाती घेतला. तो १८८० मध्ये तुमसरपर्यंत आणि १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने हा मार्ग घेतला, ब्रॉडगेज केला आणि १८९१ मध्ये आसनसोलच्या दिशेने पूर्व भारताशी जोडला. कामठीजवळ हा मार्ग कन्हान ओलांडतो. जवळच नागपूर-जबलपूर रस्त्यावरील एकोणिसाव्या शतकातील दगडी कमानींचा पूल आहे. एकाच नदीवर, थोड्या अंतरावर, रस्त्याचे आणि रेल्वेचे असे दोन वेगळे विचार उभे आहेत. इतिहास आणि भूगोल यांच्या विद्यार्थ्यांना याहून चांगली क्षेत्रभेट रामटेकच्या वाटेवर मिळणे कठीण आहे.

मीटरगेजचे ब्रॉडगेज होणे म्हणजे केवळ रुळांतील अंतर वाढणे नव्हे. इंजिन जड होते, डबे जड होतात, गाडी लांबते. पूल हा नेहमी एका ठरावीक भारासाठी कल्पिलेला असतो. भारतीय रेल्वेवर ब्रॉडगेजसाठी १९०३ आणि पुन्हा १९२६ मध्ये पुलांच्या भाराची नवी मानके ठरली ती याच कारणाने. त्यामुळे जुन्या रेल्वेपुलात दगडी खांब एका पिढीचे आणि त्यावरील गर्डर दुसऱ्या पिढीचे, असे चित्र पुष्कळ ठिकाणी आढळते. 'हा पूल कोणत्या सालचा?' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर पुरत नाही. पाया, खांब, गर्डर आणि पृष्ठभाग यांना वेगवेगळी सालं असू शकतात.

नॅरोगेज मार्गांची कथा याच्या उलट आहे. नागपूर-छिंदवाडा आणि इतवारी-नागभीड या मार्गांवरील हलक्या गाड्यांसाठी हलके पूल पुरेसे होते. हे मार्ग अनुक्रमे २०१५ च्या अखेरीस आणि २०१९ मध्ये रूपांतरासाठी बंद करण्यात आले. रूपांतर आवश्यक आहे याबद्दल दुमत नाही. परंतु अशा वेळी जुने गर्डर भंगारात जाण्यापूर्वी त्यांची मोजमापे, छायाचित्रे व कारखान्यांच्या खुणा नोंदवल्या गेल्या पाहिजेत. एका दिवसाच्या कामाने जे टिकू शकते, ते एकदा वितळल्यावर कोणत्याही दफ्तरातून पुन्हा मिळत नाही.

५. रामटेकचे मँगनीज आणि जगाचे पोलाद

लोखंडी पूल ही रामटेकसाठी केवळ बाहेरून आलेली वस्तू होती का? या प्रश्नाचे उत्तर रामटेकच्या जमिनीखाली आहे.

हेन्री बेसेमर याने १८५६ मध्ये स्वस्त पोलादाची पद्धत जाहीर केली, परंतु त्याचे प्रारंभीचे पोलाद ठिसूळ निघत असे. रॉबर्ट मुशेट याने त्यात मँगनीजयुक्त लोखंड मिसळून हा दोष घालवला. मँगनीज वितळलेल्या धातूतील प्राणवायू आणि गंधक यांचा उपद्रव कमी करते. म्हणजे मँगनीज नसते तर स्वस्त पोलाद नसते आणि स्वस्त पोलाद नसते तर घडीव लोखंडाच्या जागी पोलादी पूलही आले नसते. ब्रिटनमध्ये पुलांसाठी पोलाद वापरण्यास अधिकृत अनुमती १८७७ मध्ये मिळाली. त्यानंतर दोन वर्षांनी, २८ डिसेंबर १८७९ रोजी, स्कॉटलंडमधील टे नदीवरील लोखंडी पूल वादळात गाडीसह कोसळला आणि पूलबांधणीत वाऱ्याच्या दाबाचा विचार अनिवार्य झाला. पोलादाचे युग या दोन घटनांनंतर वेगाने सुरू झाले.

पोलादाची मागणी वाढली तशी मँगनीजची वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री आणि परिसरातील खाणी सुरू झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या विस्तृत ग्रंथात मध्य प्रांतातील या साठ्यांची तपशीलवार नोंद केली. त्या काळी मँगनीज निर्यातीत भारत रशियाच्या बरोबरीने आघाडीवर होता आणि त्यात मध्य प्रांताचा वाटा मोठा होता. कन्हानहून रामटेकला येणाऱ्या रेल्वे फाट्याकडे यात्रेकरूंचा मार्ग म्हणून पाहिले जाते. पण खाणपट्ट्याचा संदर्भ सोडून त्याचे महत्त्व कळणार नाही. पुढे १९३३ मध्ये सुरू झालेल्या विशाखापट्टणम बंदराच्या उभारणीमागेही मध्य प्रांतातील मँगनीजची निर्यात हे एक प्रमुख कारण होते.

मनसरची अमुक टन धातुके अमुक पुलात गेली असे दाखवण्याचा येथे हेतू नाही. परंतु साखळी स्पष्ट आहे : रामटेकच्या टेकड्यांतून धातुक जहाजाने परदेशी जात होते, तेथील भट्ट्यांत पोलाद होत होते, आणि पोलादी गर्डर होऊन ते पुन्हा भारतातील नद्यांवर येत होते. कच्चा माल द्यावा आणि पक्का माल विकत घ्यावा, या वसाहती व्यापाराचे चित्र कापसाच्या उदाहरणाने आपण वर्गात नेहमी शिकवतो. रामटेकच्या विद्यार्थ्याला तेच चित्र त्याच्या गावाजवळच्या काळ्या दगडातून दाखवता येईल.

ही साखळी तोडण्याच्या प्रयत्नातही नागपूरचे नाव येते. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनी चांदा जिल्ह्यातील लोहखनिजाचा अहवाल वाचून पोलाद कारखान्याचे स्वप्न पाहिले होते. त्यांचे पुत्र दोराबजी यांना नागपूरच्या संग्रहालयातील भूवैज्ञानिक नकाशावरून दल्ली-राजहरा येथील साठ्यांचा सुगावा लागला, हा प्रसंग टाटांच्या चरित्रकारांनी नोंदवला आहे. कारखाना अखेर साकची येथे झाला. १९०७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये तेथे पोलाद निघाले. १९४३ मध्ये खुला झालेला हावड्याचा पूल सुमारे २६,५०० टन पोलादाचा आहे आणि त्यातील सुमारे २३,००० टन टाटांचे होते. वसईच्या वेळी प्रत्येक दांडा जहाजाने आला होता. ८० वर्षांनी देशातील एका भव्य कैचीपुलाचे बहुतांश पोलाद देशातच तयार झाले.

६. पूल कसा वाचावा

इतिहासाच्या अभ्यासकाला अभियंता होण्याची गरज नाही. शिलालेख वाचताना जशी लिपीची ओळख लागते, तशी काही खुणांची ओळख पुरेशी आहे.

पहिली खूण सांध्याची. रिव्हेटची गोल डोकी रांगेने दिसत असतील तर काम साधारणतः वेल्डिंगचा प्रसार होण्यापूर्वीचे समजावे. लाल तापवलेला रिव्हेट भोकात घालून ठोकला की थंड होताना तो आखडतो आणि पत्रे घट्ट आवळून धरतो. जुन्या रिव्हेटांच्या ओळीत मध्येच षट्कोनी डोक्याचा बोल्ट दिसला, तर तेथे नंतर दुरुस्ती झाली आहे. दुसरी खूण कारखान्याच्या नावाची. लोखंडी पट्ट्यांवर लाटतानाच उमटलेली उठावाची अक्षरे रंगाच्या थरांखाली अनेकदा सापडतात. ती त्या पुलाची जन्मनोंद होय. तिसरी खूण खांबांची. खांबाची रुंदी वरच्या मार्गापेक्षा बरीच अधिक असेल, तर दुसरा मार्ग टाकण्याचा विचार मुळातच झाला होता किंवा जुना मार्ग काढून टाकला गेला. चौथी खूण पाण्याची. खांबांवर रंगवलेल्या किंवा कोरलेल्या पूरपातळ्या म्हणजे नदीने स्वतः लिहिलेली बखर आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पेंच, कन्हान आणि वैनगंगा यांच्या काठांनी जो पूर अनुभवला, त्यानंतर अशा नोंदींचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही.

७. दुर्लक्षाची किंमत

कैचीपुलाची काटकसर हीच त्याची दुर्बलता आहे. दगडी कमानीत द्रव्य भरपूर असते. एखादा चिरा निसटला तरी भार आजूबाजूला सरकतो. साध्या कैचीत प्रत्येक दांड्याला नेमून दिलेले काम असते आणि महत्त्वाचा एक सांधा गेला तर संपूर्ण गाळा खाली येऊ शकतो. अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरील पोलादी कैचीपूल कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. दांडे जेथे एकत्र येतात तेथील जोडपट्ट्या आवश्यकतेच्या निम्म्या जाडीच्या होत्या, असे चौकशीत आढळले. पूल चाळीस वर्षे उभा होता; दरम्यान त्यावर काँक्रीटचे थर चढले आणि त्या दिवशी दुरुस्तीचे साहित्यही त्याच्यावर रचलेले होते. मूळ आराखड्यातील चूक आणि वाढत गेलेला भार यांची बेरीज कोणी केली नव्हती.

महाराष्ट्रालाही असे दिवस पाहावे लागले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील १९२८ चा दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस. टी. बसगाड्या गेल्या. १५ जून २०२५ रोजी मावळ तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील सुमारे तीन दशके जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. ४ जणांचा मृत्यू झाला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. दुसरी घटना आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. ग्रामीण लोखंडी पूल गावकऱ्यांच्या, शेतकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी बांधला जातो. पुढे त्याचा वापर बदलतो, पण त्याचे बळ बदलत नाही; किंबहुना गंजाने ते घटतच असते. खालच्या पट्ट्याच्या सांध्यांत माती आणि पाणी साचते, रंग उडतो, पत्रा आतून खात जातो आणि वरून पूल तसाच दिसतो. 'धोकादायक' अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपत नाही; पाटी गर्दीला थांबवू शकत नाही.

रेल्वेच्या व्यवस्थेत प्रत्येक पुलाला क्रमांक असतो, नोंदवही असते आणि पावसाळ्यानंतर दरवर्षी पाहणी होते. रस्त्यांच्या पुलांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये पुलांच्या व्यवस्थापनाची राष्ट्रीय नोंदप्रणाली सुरू केली. परंतु पांदण रस्त्यावरचा, नाल्यावरचा, एका विभागाने बांधून दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला लहान पूल या दोन्ही व्यवस्थांच्या मधल्या फटीत पडण्याची भीती असते. शिवाय नदीपात्रातील रेतीचा उपसा खांबाभोवतीचा आधार कमी करतो. नर्मदेवरील जुन्या पुलाला जे पुराने केले, ते येथे माणूस फावड्याने करू शकतो.

निष्कर्ष

१. लोखंडी कैचीचा पूल ही परकीय सत्तेने आणलेली, परंतु येथील नद्या, दऱ्या, श्रम आणि खनिजे यांनी घडवलेली वास्तू आहे. वसई आणि एहेगाव येथील प्रयोग हे जागतिक तंत्रेतिहासातील समकालीन प्रयोग होते.

२. रामटेक परिसराचा या इतिहासाशी संबंध केवळ प्रवासाचा नाही. मनसर-कांद्री पट्ट्यातील मँगनीजमुळे हा परिसर पोलादाच्या जागतिक साखळीतील एक दुवा होता. वाकाटकांच्या मनसरइतकेच खाणीचे मनसर इतिहासाचा विषय आहे.

३. पुलाची रचना समजली म्हणजे त्याचा धोकाही समजतो. स्थापत्याचा इतिहास आणि सार्वजनिक सुरक्षितता या दोन गोष्टी येथे एकत्र येतात. पूल केव्हा, कोणत्या भारासाठी, कोणत्या द्रव्यात बांधला आणि त्यात कोणते बदल झाले, ही माहिती म्हणजेच त्याचा इतिहास. आणि तपासणी करणाऱ्या अभियंत्याला सर्वप्रथम लागते ती हीच माहिती.

४. महाविद्यालयांनी आपल्या तालुक्यातील जुन्या पुलांची नोंदवही तयार करावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते. इतिहास, भूगोल आणि विज्ञान विभागांचे विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पुलाचे स्थान, गाळ्यांची संख्या व लांबी, द्रव्य, सांध्याचा प्रकार, कारखान्याची खूण, पूरपातळी, दिसणारा गंज व तडे आणि काठावरील वृद्धांच्या आठवणी एवढी माहिती सहज टिपू शकतात. सुरक्षिततेचा निर्णय अभियंत्यांनीच घ्यावयाचा आहे. त्यांच्यापुढे नोंद ठेवणे मात्र आपल्या हाती आहे. या कामाला मोठे अनुदान लागत नाही. मोजपट्टी, वही, छायाचित्रे आणि पावसाळ्यापूर्वीचे चार दिवस पुरेसे आहेत. नोंदीची एक प्रत ग्रंथालयात राहावी आणि दुसरी संबंधित बांधकाम विभागाकडे त्याच वर्षी पोहोचावी.